अपुऱ्या मालिकेचा वाचक

१

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती एका नियोजित चतुष्टयातील पहिली कादंबरी असल्याचे वाचकांना ठाऊक होते. त्यानंतर दहा वर्षे उलटली, तरी दुसरा भाग वाचकांच्या हाती आला नव्हता. ग्रंथालयांच्या फडताळांत सुमारे सहाशे पानांचा हा ग्रंथ एकटाच उभा राहिला आणि त्याच्यासंबंधी काही प्रश्न वाचकांच्या मनात रेंगाळत राहिले. जी मालिका पुरी झालेली नाही, ती वाचायला घ्यावी काय? घेतली तर तिच्याविषयी मत बनवावे काय? आणि पुढचा भाग इतक्या वर्षांच्या अंतराने येईल, तेव्हा वाचन पुढे चालू ठेवायचे की नाही, हे कशावरून ठरवावे?

हे प्रश्न माझ्यापुढे स्पष्टपणे मांडले ते एका विद्यार्थिनीने. बंगळुरूत नोकरी करून बाहेरून मराठीत एम. ए. करणारी ही मुलगी मला म्हणाली, "सर, 'हिंदू' आत्ताच वाचायला घेऊ, की बाकीचे भाग आल्यावर सगळे एकदम वाचू?" या शहरात मराठी पुस्तक आता घरपोच मिळते, परंतु त्या पुस्तकाविषयी चार शब्द बोलणारे माणूस तसे मिळत नाही. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या विद्यार्थ्याभोवती जे चर्चेचे वातावरण असते, ते येथे नसल्यामुळे काय वाचावे आणि केव्हा वाचावे हे वाचकाला एकट्यानेच ठरवावे लागते. "आत्ताच घ्या," असे मी तिला लगेच सांगितले खरे. पण घरी आल्यावर जुने कागद चाळताना २०१० साली 'हिंदू'वर लिहायला घेतलेले माझेच एक टिपण हाती लागले. ते अर्ध्यावर थांबले होते आणि त्याखाली माझ्याच अक्षरात शेरा होता : 'पुढील भाग पाहून पूर्ण करणे.' जो सल्ला मी विद्यार्थिनीला दिला, तो मी स्वतः पाळला नव्हता. ते टिपण का थांबले आणि ते थांबणे योग्य होते काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कर्त्याच्या हातून अपुरी राहिलेली कृती ही आपल्या वाङ्मयपरंपरेला अपरिचित नाही. किंबहुना 'कादंबरी' हा शब्दच आपण अशा एका कृतीकडून घेतला आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. पत्रलेखा कादंबरीची अवस्था चंद्रापीडाला सांगत असतानाच बाणाचा भाग संपतो. जन्मजन्मांतरीच्या शापाची गाठ सुटते ती त्याच्या पुत्राने रचलेल्या उत्तरभागात. असे असूनही बाणाच्या कीर्तीचा आधार पूर्वभागच राहिला. पाश्चात्य वळणाच्या दीर्घ गद्यकथेला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा मराठीने आणि कन्नडनेही याच ग्रंथाचे नाव स्वीकारले. ज्या प्रकाराचा नामकर्ता ग्रंथच कर्त्याच्या हातून अपुरा राहिला, त्या प्रकारातील कृतीने पूर्णत्वाचा दाखला दाखवल्यावाचून तिला घरात घ्यायचे नाही, ही भूमिका काहीशी विसंगत वाटते.

मध्ययुगीन परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात. एकनाथांचे 'भावार्थरामायण' युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत त्यांच्या हातून लिहून झाले आणि उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, असे परंपरा सांगते. पारायण करणारा भाविक नाथांच्या ओव्यांवरून गावबाच्या ओव्यांवर न अडखळता जातो. त्याचे लक्ष रामकथेच्या पूर्ततेकडे असते. कर्ता बदलला म्हणून त्याचे पारायण थांबत नाही. कन्नडमध्ये कुमारव्यासाने महाभारताची पहिली दहा पर्वे रचली आणि गदापर्वापाशी तो थांबला. पुढची पर्वे तिम्मण्ण कवीने कृष्णदेवरायाच्या काळात रचली. तिम्मण्णाच्या कामाचा आदर झाला. परंतु गमकींच्या गायनातून कन्नड श्रोत्याने जिवाभावाने जपला तो कुमारव्यास. पहिल्या उत्तरात कथेची पूर्तता महत्त्वाची ठरते, दुसऱ्यात कवीची वाणी. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र एक गोष्ट दोन्हींत समान आहे : श्रोत्याला शेवट आधीपासून माहीत आहे. राम अयोध्येला परतणार आणि पांडव स्वर्गारोहण करणार, हे सांगायला कवीची गरज नव्हती. अपुरे राहिले ते कवीचे काम. कथा परंपरेत पूर्णच होती.

आधुनिक कादंबरीत ही स्थिती पालटली. येथे शेवट लेखकाच्या एकट्याच्या हाती असतो, आणि लेखक थांबला तर तो शेवट जगात कुठेही नसतो. हरिभाऊ आपट्यांच्या वाचकाने ही नवी परिस्थिती प्रथम अनुभवली. 'आजकालच्या गोष्टी' या मालेतील 'मधली स्थिति' १८८५ पासून 'पुणे वैभव'मधून क्रमशः आली. पुढे १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' त्यातूनच वाचकांपर्यंत पोचली. यमूचे पुढे काय होणार, हे कळायला आठवडाभर थांबावे लागे आणि हे थांबणे हाच त्या वाचनाचा एक भाग होता. पण हरिभाऊंच्याच 'गणपतराव' आणि 'कर्मयोग' या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, आणि त्यांच्या वाचकाला मात्र वाट पाहण्याचे फळ मिळाले नाही. त्याचा विश्वास वाया गेला, असे म्हणायचे काय? या प्रश्नाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ऐतिहासिक कादंबरीमालांचा वाचक मात्र एका अर्थाने जुन्या श्रोत्याच्याच भूमिकेत राहिला. नाथमाधवांची स्वराज्यमाला किंवा वि. वा. हडपांची 'कादंबरीमय पेशवाई' वाचणाऱ्याला रायगडाचे आणि शनिवारवाड्याचे पुढे काय झाले हे ठाऊक असते. म्हणून त्याने मालिकेत कुठूनही प्रवेश केला आणि कुठेही पुस्तक मिटले, तरी फारसे बिघडत नाही. कन्नडमध्ये त. रा. सुब्बराव यांनी चित्रदुर्गाच्या नायकांवर लिहिलेली कादंबऱ्यांची मालिका याच जातीची आहे. तिच्यातील 'दुर्गास्तमान' ही कादंबरी १९८२ साली आली, १९८४ साली लेखकाचे निधन झाले आणि १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. हैदर अलीने १७७९ साली चित्रदुर्ग घेतला आणि मदकरी नायकाचे राज्य बुडाले, हे कन्नड वाचकाला पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होते. 'दुर्गास्तमान' लिहून झाली नसती, तर कन्नड साहित्याची मोठी हानी झाली असती; पण आधीच्या कादंबऱ्या लोंबकळत राहिल्या नसत्या. इतिहासाने त्यांचा शेवट आधीच लिहून ठेवला होता.

तेव्हा आपला प्रश्न नेमका उभा राहतो तो या दोन्हींहून वेगळ्या कृतीबाबत : जिचा शेवट परंपरेत नाही, इतिहासात नाही आणि अद्याप लेखकाच्या कागदावरही नाही, अशा सामाजिक कादंबरीच्या मालिकेबाबत.

३

अशा मालिकेतील एखाद्या भागाचे संपूर्ण मालिकेशी असलेले नाते दोन प्रकारचे असू शकते. काही भाग हप्त्यासारखे असतात. हप्ता म्हणजे मोठ्या देण्यातला एक अंश. सगळे हप्ते फिटेपर्यंत व्यवहार पुरा होत नाही आणि मध्येच देणे थांबले, तर आधीचे हप्तेही बुडाल्यासारखे होतात. काही भाग मात्र वाड्यातल्या दालनासारखे असतात. आपल्याकडे वाडे एका दमात बांधले जात नसत. सोपा आणि माजघर उभे राहिले की माणसे राहायला येत. दुसरा चौक पुढच्या पिढीने बांधावा किंवा बांधूही नये. चौक राहून गेला म्हणून माजघरात झालेली लग्ने, बाळंतपणे आणि मरणे खोटी ठरत नसत.

हा भेद मालिकेच्या जाहिरातीवरून कळत नाही. तो भागाच्या रूपबंधातच शोधावा लागतो. ज्या भागातील अनुभवाला अर्थ येण्यासाठी पुढची घटना घडणे अनिवार्य असते, तो हप्ता. ज्या भागाने आपला एक प्रश्न स्वतःच उभा केला आणि स्वतःच, उत्तर देऊन नव्हे तरी त्याचा तळ गाठून, त्याची पूर्तता केली, ते दालन. रहस्यप्रधान आणि घटनाप्रधान मालिका बहुधा हप्त्यांनी बनलेल्या असतात. चार्ल्स डिकन्सची 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' बारा भागांत यावयाची होती. सहा भाग आले आणि १८७० साली लेखकाचा मृत्यू झाला. एडविनचे काय झाले, हा त्या कादंबरीचा प्रश्न होता; त्यामुळे तिच्याविषयीचे पुढचे बरेचसे लेखन या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिले. याउलट निकोलाय गोगोलच्या 'डेड सोल्स'चा पहिला भाग १८४२ साली प्रसिद्ध झाला. लेखकाच्या मनात तीन भाग होते. दुसऱ्या भागाचे हस्तलिखित त्याने १८५२ साली, मृत्यूच्या थोडे आधी, जाळून टाकले. तरी जग पहिला भाग आजही एक पुरी कादंबरी म्हणून वाचते, कारण चिचिकोव्हचे पुढे काय झाले हा तिचा मूळ प्रश्नच नव्हे. मेलेल्या कुळांची खरेदी-विक्री ज्या समाजात बिनदिक्कत चालते, त्या समाजाचे दर्शन हा तिचा आशय आहे, आणि ते दर्शन पहिल्या भागातच घडून गेले आहे.

हरिभाऊंच्या अपुऱ्या कादंबऱ्यांचे उत्तरही येथेच मिळते. साप्ताहिकाच्या वाचकाला प्रत्येक अंकात काही ना काही हाती लागत होते : एखादा प्रसंग, घरातल्या बायकांचे एखादे संभाषण, सुधारकांची एखादी चर्चा. हरिभाऊंच्या ज्या पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी त्यांना बोल लावला, तो पाल्हाळ या दृष्टीने पाहिला, तर वाचकाला दर आठवड्याला राहण्यापुरती जागा देत होता. कथेची उत्सुकता वाया गेली, हे खरे. परंतु जेवढा भाग निव्वळ उत्सुकतेवर उभा नव्हता, तेवढा वाया गेला नाही. एकाच कृतीत हप्त्याचा आणि दालनाचा अंश मिसळलेला असू शकतो, आणि त्यांचे प्रमाण ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

४

आता नेमाड्यांकडे वळू. मालिका हा त्यांच्या कादंबरीलेखनाला नवा प्रकार नव्हता. १९६३ सालच्या 'कोसला'नंतर त्यांनी 'बिढार' आणि 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या चार कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील या प्राध्यापकाचे भ्रमण रेखाटले. १९७५ सालचा वाचक आजच्या वाचकापेक्षा सुदैवी होता. एकाच वर्षी दोन भाग त्याच्या हाती पडले आणि चार वर्षांत चतुष्टय पुरे झाले. परंतु भाग लवकर आले, एवढ्यानेच त्याला ते वाचता आले असे नव्हे. चांगदेव एका गावातून दुसऱ्या गावात, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जातो. प्रत्येक ठिकाणचा मुक्काम हा एक पुरा अनुभव असतो. 'बिढार' या शब्दातच तात्पुरत्या वस्तीचा अर्थ आहे, आणि तात्पुरती वस्ती ही मांडली तशी मोडताही येते. त्यामुळे 'हूल' वाचून थांबलेल्या वाचकाने चांगदेवाच्या आयुष्याची पुढची हकीकत गमावली असेल, पण उच्चशिक्षणाच्या क्षेत्रातील जातीय आणि आर्थिक हितसंबंधांचे जे दर्शन त्या कादंबरीने घडवले, त्यातले काहीच गमावले नाही. चांगदेव चतुष्टयाचा प्रत्येक भाग हे एक दालन आहे. फार तर असे म्हणता येईल की ही दालने एका लांब ओसरीने जोडलेली आहेत आणि ओसरीवरून शेवटपर्यंत चालत गेल्यास त्या माणसाची दमणूक अधिक खोलवर जाणवते.

'झूल' आणि 'हिंदू' यांच्यामध्ये एकतीस वर्षांचे अंतर आहे. इतक्या अवधीनंतर जेव्हा लेखक पुन्हा चतुष्टयाचा संकल्प सोडतो, तेव्हा वाचकाला दोन गोष्टी आठवतात. या लेखकाने पूर्वी एक चतुष्टय पुरे करून दाखवले आहे, ही पहिली. आणि १९३८ साली जन्मलेल्या या लेखकाने पहिला भाग वयाच्या बहात्तराव्या वर्षी दिला आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट वाचकाला थांबायला सांगते, दुसरी घाई करायला. माझ्या मते या दोन्ही गोष्टी वाचनाच्या निर्णयाच्या दृष्टीने गौण आहेत. लेखकाच्या चरित्रावरून कृतीच्या भवितव्याचा अंदाज बांधणे हा एक प्रकारचा विमाव्यवहार आहे. त्यात समोर पडलेल्या पुस्तकाला कुठेच स्थान नाही.

समोरचे पुस्तक काय सांगते, ते पाहू. 'हिंदू'चा नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडिलांच्या गंभीर आजाराची वार्ता त्याला मिळते आणि तो खानदेशातल्या मोरगावी परतण्यासाठी निघतो. वडिलांचे आजारपण आणि मृत्यू यांनी या भागाची चौकट आखली गेली आहे. त्या चौकटीत शेतकरी कुटुंबाच्या पिढ्या, गावातल्या नाना जातींचे परस्परसंबंध, स्त्रियांची दडपलेली आयुष्ये, भटक्यांची ये-जा, शिक्षणाने गावापासून तुटत गेलेली तरुण पिढी आणि या सगळ्यांच्या तळाशी पसरलेली हजारो वर्षांची वस्ती असे प्रचंड द्रव्य ओतले आहे. येथे कथानक पुढे सरकत नाही. ते खोल जाते. उत्खननात ज्याप्रमाणे थराखाली थर लागत जातो, त्याप्रमाणे एका आठवणीखाली दुसरी आठवण सापडते. उत्खनन करणाऱ्याला 'शेवट काय' हा प्रश्न कुणी विचारत नाही. जेवढे खणले तेवढे त्याच्या पदरात पडलेले असते. उरलेल्या टेकाडाखाली काय आहे, यावर हाती आलेल्या खापराचे खरेपण अवलंबून नसते.

उपशीर्षकातला 'अडगळ' हा शब्दही येथे विचारात घेण्यासारखा आहे. अडगळीची खोली हा आपल्या घरांतला असा भाग आहे की तिच्यात वस्तू कोणत्याच क्रमाने ठेवलेल्या नसतात आणि शेवटची वस्तू अशी तिच्यात काही नसते. तिच्यात शिरणारा जे हाताला लागेल ते उचलतो, पुसतो, कुणाचे होते ते आठवतो. जी कादंबरी आपल्या उपशीर्षकातच अडगळीचे तत्त्व जाहीर करते, तिने क्रमबद्ध पूर्ततेचे आश्वासन दिले आहे असे मानणे, ही वाचकाची चूक होय. चतुष्टयाची घोषणा लेखकाने केली असेल; कृतीच्या घाटाने ती केलेली नाही. या भागाचा स्वतःचा प्रश्न, म्हणजे घरापासून दूर गेलेल्या आणि भूतकाळाचा व्यवसाय करणाऱ्या मुलाला बापाचा वारसा पेलवेल काय, हा बापाच्या मृत्यूपाशी आपल्या पूर्ण वजनानिशी उभा राहतो. त्याचे उत्तर पुढच्या भागात मिळेल वा मिळणार नाही. प्रश्नाचे ओझे मात्र वाचकाच्या खांद्यावर याच भागात येते. माझ्या दृष्टीने हे दालन आहे, आणि ते राहण्याजोगे आहे.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की पुढचा भाग मागच्या भागाचा अर्थच बदलून टाकू शकतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण मार्सेल प्रूस्तचे. त्याच्या सात भागांच्या कादंबरीचा पहिला भाग १९१३ साली आला, लेखक १९२२ साली वारला आणि शेवटचा भाग १९२७ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात ज्या आठवणी सैलपणे विखुरल्यासारख्या वाटतात, त्यांच्यामागची रचना शेवटच्या भागात उलगडते. मग १९१३ सालच्या वाचकाने मत बनवण्याची घाई केली असे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. त्याने केलेले वाचन अपुरे होते, पण खोटे नव्हते. वाचन आणि निवाडा यांत आपण गल्लत करतो, म्हणून ही अडचण निर्माण होते. निवाडा एकदाच द्यायचा असतो, त्यामुळे पुरावा पुरा व्हावा लागतो. वाचन पुन्हा करता येते, मत सुधारता येते, आणि ज्याने पहिल्यांदा मत बनवलेच नाही, त्याला सुधारण्यासारखे काही उरत नाही. शेवटच्या भागाने पहिल्या भागाला दिलेला नवा अर्थ ज्याला खऱ्या अर्थाने जाणवला असेल, तो वाचक चौदा वर्षांपूर्वी पहिला भाग वाचलेलाच असणार.

दुसरा आक्षेप 'हिंदू'च्या वैचारिक बाजूशी निगडित आहे. या कादंबरीत संस्कृतीविषयीचे एक मोठे प्रतिपादन आहे. हिंदू या शब्दाची व्याप्ती, बहुविधता, देशीपण यांविषयी तिच्यात जे म्हटले आहे, ते पुढच्या भागांत अधिक स्पष्ट होईल किंवा कदाचित उलटवले जाईल. तेव्हा त्या प्रतिपादनाचे मूल्यमापन आज कसे करावे? हा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. कादंबरीतील कलात्मक सिद्धी आणि तिच्यातील विचारव्यूह यांना वेगवेगळे नियम लागू होतात. मोरगावातले एखादे मरण खरे वाटते की नाही, हे आज सांगता येते आणि पुढे ते बदलणार नाही. विचारव्यूहाविषयीचे मत मात्र 'आजवर जेवढे मांडले गेले त्यापुरते' या मर्यादेतच द्यावे लागेल. पण ही मर्यादा मान्य करणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. २०१० साली या कादंबरीच्या शीर्षकावरून आणि त्यातील मतांवरून पुष्कळ वाद झाले. वाद घालण्यासाठी उरलेल्या तीन भागांची आवश्यकता कुणालाही भासली नाही. सावकाश वाचून लिहिण्यासाठी मात्र आम्हांपैकी काहींना ती भासली. यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही, ती आता दिसते.

माझ्या टिपणाच्या अर्धवटपणाचे खरे कारण येथे सांगितले पाहिजे. पुढील भाग पाहून लिहू, या वाक्यात समीक्षकाची सावधगिरी दिसते. परंतु तिच्याआड एक सोय लपलेली होती. एवढ्या मोठ्या आणि अवघड कृतीपुढे उभे राहून आपले मत पणाला लावण्याचे मी टाळले. लेखकाचे काम अपुरे आहे, या सबबीखाली मी माझे काम अपुरे ठेवले. असे अनेकांनी केले म्हणजे परिणाम काय होतो? ज्या काळात पुस्तक आले, त्या काळातल्या वाचकांची साक्षच उरत नाही. पुढे मालिका पुरी झाली, तरी पहिला भाग ताजा असताना तो कसा वाचला गेला, हे सांगणारे फारसे कुणी नसते. पुरी झाली नाही, तर तो भाग 'अपूर्ण' या शिक्क्यानिशी फडताळात मागे सरकतो. मालिका पुरी करणे लेखकाच्या हाती असते. तिच्या पहिल्या भागाला त्याच्या काळात वाचक मिळणे केवळ आपल्या हाती असते.

६

तर मग वाचन केव्हा चालू ठेवावे? विद्यार्थ्यांच्या आणि ग्रंथपालांच्या उपयोगासाठी माझ्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडतो.

पहिला भाग मिटल्यावर मनात कोणता प्रश्न उरला, हे आधी स्वतःला विचारावे. 'पुढे काय झाले?' एवढाच प्रश्न उरला असेल, तर तो भाग हप्ता होता. अशा मालिकेची पूर्तता होईपर्यंत थांबण्यात गैर काही नाही. उलट सर्व भाग एका बैठकीत वाचल्याने तिचा वेग अनुभवता येतो. इंग्रजी वाचणाऱ्या आजच्या तरुणांना याचा अनुभव जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेने दिला आहे. १९९६ साली सुरू झालेल्या त्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला. सहावा येण्यापूर्वीच, २०१९ साली, दूरचित्रवाणीवरील रूपांतराने आपला शेवट करून टाकला. ज्यांना केवळ शेवट हवा होता, त्यांचे काम तेथे झाले. ज्यांना अजूनही पुस्तकाचीच वाट पाहावीशी वाटते, त्यांना शेवटाहून निराळे काही हवे आहे, हे उघड आहे.

दुसरी कसोटी काळाची आहे. भाग वाचून काही वर्षे गेल्यावर त्यातले काय उरले आहे, ते पाहावे. घटनांचा क्रम विसरला जाणारच. पण एखादे माणूस, एखादा आवाज, घराच्या एखाद्या कोपऱ्यातला उजेड शिल्लक असेल, तर पुढचा भाग अवश्य हाती घ्यावा आणि त्यासाठी मागचा भाग पुन्हा वाचण्याची सक्ती स्वतःवर करू नये. मागचे तपशील आठवल्यावाचून ज्यात पाऊलच टाकता येत नाही, तो पुढचा भाग मागच्या भागाच्या हप्तेपणाचीच साक्ष देतो.

तिसरी कसोटी पुढच्या भागासाठी आहे. त्याची पन्नासेक पाने वाचून पाहावे की हा भाग आधीच्या जगाची मांडणी नव्याने करतो, की केवळ त्याची लांबी वाढवतो. नवी मांडणी होत असेल, तर कितीही वर्षांचे अंतर असो, वाचन चालू ठेवावे. केवळ लांबी वाढत असेल, तर आधीच्या भागाविषयीचा आदर मनात ठेवून पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. मालिकेचा पहिला भाग वाचणे म्हणजे उरलेल्या भागांचा करार करणे नव्हे. ते बंधन वाचकाने मानू नये आणि लेखकावरही उलट बाजूने लादू नये.

ग्रंथालयांनी तर मालिकेच्या पूर्ततेची वाट मुळीच पाहू नये. वैयक्तिक वाचकाला थांबण्याची मुभा आहे, कारण तो केवळ स्वतःपुरता थांबतो. ग्रंथालय थांबले, तर त्या गावातला, किंवा बंगळुरूसारख्या दूरच्या शहरातला, ज्याला ते पुस्तक आजच हवे होते असा वाचक उपाशी राहतो. एकट्या पहिल्या भागाशेजारी फडताळात थोडी जागा मोकळी राहिली, तर राहू द्यावी.

त्या विद्यार्थिनीने दोन महिन्यांनी 'हिंदू' वाचून संपवली. पुढच्या भागाविषयी तिने काही विचारले नाही. खंडेराव घरी पोचतो, तिथली पाने वाचताना तिला स्वतःच्या गावाकडच्या घराची आठवण झाली, एवढेच ती म्हणाली, आणि सुट्टीत गावी जाऊन आजोबांची जुनी पेटी उघडून पाहणार असल्याचे तिने सांगितले. मी माझे २०१० सालचे टिपण बाहेर काढले, त्याखालचा शेरा खोडला आणि जिथे वाक्य तुटले होते तिथून पुढे लिहायला बसलो.